उपकप्तान यशोदाची रजा

धुळ्यातल्या एका कचेरीत देवचंद बैसाणे आस्थापना शाखेचा कारकून होता. चारशे माणसांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या आणि रजा त्याच्या हाताखालून जायच्या. सेवापुस्तक म्हणजे सरकारी माणसाची जन्मपत्रिका, असं तो म्हणायचा. फरक एवढाच, की यात लिहिलेलं खरं निघतं.

१९८८ साली तो जळगावच्या एका साप्ताहिकात अंतराळयानाची मालिका लिहीत होता. यानाचं नाव 'पांझरा'. नदीला आठ महिने पाणी नसतं, निदान यान तरी भरधाव जावं, अशी त्याची इच्छा. यानावर कप्तान येत-जात राहायचे. यान खरं चालवायची ती उपकप्तान यशोदा. मागच्या भागात काय लिहिलं याचा घोळ होऊ नये म्हणून त्यानं एक कोरं सेवापुस्तक घेतलं आणि तिच्या रीतसर नोंदी ठेवल्या. दुसऱ्या कोणा लेखकाला हे सुचलं नसतं, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. जन्म पिंपळनेर. संदेशक म्हणून भरती. तिसऱ्या वर्षी यंत्रघर पेटलं तेव्हा एकटीनं नऊ जणांना बाहेर काढलं, प्रशंसापत्र मिळालं. कप्तानपदाची बढती दोनदा नाकारली. कारण, 'यान अर्ध्या वाटेवर आहे'. सेवा सतरा वर्षं, रजा एकही नाही.

ही यशोदा काही हवेतून आली नव्हती. तो सगळा उतारा होता थोरल्या बहिणीचा, द्रौपदाअक्काचा. आई गेल्यावर अक्कानंच त्याला वाढवलं, स्वतःचं लग्न बाजूला ठेवलं. पिंपळनेरच्या शाळेत ती एकोणतीस वर्षं उपशिक्षिका होती. मुख्याध्यापक आले नि गेले. शाळा अक्कानं चालवली.

त्या ऑगस्टात अक्काला कावीळ झाली आणि ती डोक्यात गेली. देवचंदनं तिला धुळ्याला दवाखान्यात आणलं. स्त्रियांच्या वॉर्डात पुरुषाला दुपारी चार ते पाच एवढाच प्रवेश. देवचंदचंही लग्न राहून गेलेलं, घरात दुसरं कोणी नाही. डॉक्टर म्हणाले, "जवळ बाईमाणूस हवं. त्या पाणीसुद्धा मागत नाहीत." पिंपळनेरच्या दोघी-तिघी येऊन गेल्या, पण निंदणीच्या दिवसांत कोण किती थांबणार? एकोणीस तारखेला, शुक्रवारी, डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "नातेवाइकांना कळवून ठेवा."

तो घरी येऊन टेबलाशी बसला. अक्का गेली तर 'जेवलास का' असं विचारणारं या जगात कोणी उरणार नव्हतं. समोर रजेचे कोरे अर्ज होते. त्यानं एक ओढला आणि भरत सुटला. नाव: यशोदा, उपकप्तान. अर्जित रजा, अठरा दिवस, उद्यापासून. कारण: घरगुती. रजाकाळातला पत्ता: स्त्रियांचा वॉर्ड, खाट क्रमांक अकरा, धुळे. खाली 'मंजूर' म्हणून स्वतःची सही ठोकली, सेवापुस्तकात नोंद केली आणि मग स्वतःलाच हसत डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो वॉर्डात गेला. अक्काची वेणी घातलेली होती. पेल्यावर झाकण होतं. आया भिकुबाई जवळ आली.

"भाऊ, तुमनी बहीनजोडे सकायपासून कोन बाई बठेल व्हती? उंच शे, सावळी शे. तिनीच पानी पाजं, तिनीच येनी घाली."

"नाव काय तिचं?"

"इचारं ना मी. म्हने, हजर. बस, एवढंच. तुमी येवाना येळले उठी गयी."

असेल कोणी पिंपळनेरची, असं त्यानं स्वतःला समजावलं. खाटेशेजारचं लोखंडी स्टूल ओढायला हात लावला आणि मागे घेतला. त्या उकाड्यात ते बर्फाच्या लादीइतकं गार होतं.

पाचव्या दिवशी अक्कानं डोळे उघडले आणि पेज मागितली. देवचंदला रडू फुटलं, ते त्यानं लपवलंही नाही.

घरी मात्र मालिका अडली. कप्तान हाक मारायचा, "यशोदा?" आणि देवचंदच्या लेखणीतून उत्तर उतरेना. तीन संध्याकाळी असंच झालं. शेवटी त्यानं तिच्याविनाच भाग पाठवला. संपादकांचं कार्ड आलं: उपकप्तान कुठे? त्यानं उलट कळवलं: रजेवर.

सात सप्टेंबरला अक्काला घरी सोडणार होते. सकाळी निघण्याआधी त्यानं कपाट उघडून सेवापुस्तक पाहिलं. रजेच्या नोंदीखाली एक ओळ जास्त होती. 'रजा उपभोगून आज मध्यान्हपूर्व रुजू.' अक्षर त्याचं नव्हतं. कपाटाची किल्ली एकच, आणि ती त्याच्या खिशात होती.

संध्याकाळी अक्का भिंतीला टेकून जेवत होती. डोळ्यांतला पिवळेपणा पार गेला होता.

"यशोदा चांगली बाई शे रे भाऊ."

त्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. "तुले तिनं नाव कोनी सांगं, अक्का?"

"तिनीच. आते ती कप्तान व्हई. या बारीले नही म्हननार नही." अक्कानं भाकरी मोडली. "तिनी जागा रिकामी व्हई. माले इचारं, येशी का? मी म्हनं, येसू."

"कव्हय?"

"घाई नही. आधी तुनं लगीन करसू, मंग." ती हसली. आजारात इतके दिवस न दिसलेलं हसू. "तठे बी दुसराच नंबर शे. पन जहाज मोठं शे."

पाण्याचा पेला घ्यायला तिनं डावा हात पुढे केला. पाचही बोटांची टोकं जांभळी होती.

देवचंदनं आयुष्यात चारशे माणसांचे असे हात धरले होते. नवं सेवापुस्तक उघडलं, की पहिल्या पानावर डाव्या हाताच्या पाच बोटांचे ठसे घेतात.

तो उठला. कपाट उघडलं.

यशोदाच्या पुस्तकाखाली दुसरं एक होतं. नवंकोरं.

पाच ठसे. नाव: द्रौपदाबाई बैसाणे. पद: उपकप्तान.

नेमणुकीची तारीख पेन्सिलीनं लिहून खोडलेली होती. त्यानं पान दिव्यापाशी धरलं. २० ऑगस्ट.

नवी तारीख घातलेली नव्हती. रबराचे कण पानाच्या खाचेत अजून तसेच पडलेले होते.