पसंतीक्रम

"मॅडम, फोटो माझाच आहे. खरंच."

मी स्क्रीनवरून मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच, सावळा मुलगा उभा होता. गालावर खळी आणि डोळ्यांत मिश्कील हसू. स्क्रीनवरच्या फोटोत मात्र केसांना तेल चोपडलेलं एक घाबरलेलं पोर दिसत होतं.

"हा तू?"

"दहावीतला. आता जरा सुधारलोय… नाही का?"

मागे रांगेत दहा-बाराजण ताटकळत होते, म्हणून मी हसू गिळलं. "नवीन फोटो काढून आण. आणि मॅडम म्हणू नको, मी एफवायची परीक्षा दिलीय आत्ता."

"मग काय म्हणू?"

"काही नको म्हणू. पुढचे या…"

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझ्या मामाचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जून-जुलैत तिथं पाय ठेवायला जागा नसते. मी बी.कॉम. करत करत तिथं बसते. कुणाला कुठं प्रवेश मिळेल, कुठलं कॉलेज वर टाकायचं, कुठलं खाली, हे मला तोंडपाठ. आई-बाप आपल्या पोरांना माझ्यासमोर आणून बसवतात आणि म्हणतात, "ताई सांगल तसं भर." एवढा विश्वास. मला त्याचा अभिमान होता… तेव्हा.

त्या मुलाचं नाव सम्राट. तो मूळचा दौंडचा. आई चार वर्षांपूर्वी वारली, म्हणून अकरावी-बारावीला शिरूरमध्ये आत्याकडे राहिलेला. वडील आनंदराव कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. तो नवा फोटो घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी आला. तिसऱ्या दिवशी दाखल्याची सही पुसट आली म्हणून आला. मग कारणं संपली, तरी तो येतच राहिला.

"आज काय?" मी विचारायची.

"प्रिंट काढायचीय."

"कशाची?"

"कशाची पण काढ ना. तुझं मशीन किती छान आवाज करतं…"

मी लाल व्हायची आणि उगाच प्रिंटरचा कागद सारखा करत बसायची.

दुपारी गर्दी ओसरली की तो बाकावर बसून बोलायचा. बोलायचा म्हणजे माशांबद्दलच. दौंडजवळ भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर त्याच्या चुलत्याची होडी होती. रोहू कसा वागतो, कटला कुठल्या पाण्यात वाढतो, चिलापीनं बाकीचे मासे कसे हुसकावले… बोलताना त्याचे हात पाण्यात असल्यासारखे हलायचे. मी मासे खायच्या पलीकडे कधी विचार केलेला नव्हता. पण त्या हातांकडे बघत राहायची.

"मत्स्यशास्त्राची डिग्री असते, माहितीय?" तो एकदा म्हणाला. "रत्नागिरीला. समुद्राजवळच. आप्पांना सांगितलं तर म्हणतात, मासं धरायला कालेज लागतं व्हय?"

"मग त्यांना काय पाहिजे?"

"बी.एस्सी. शेती. आणि ती पण इथल्याच कॉलेजात. घरून जा, घरी ये. नंतर परीक्षा देऊन साहेब हो."

शेतीचं ते कॉलेज शिरूरहून अर्ध्या तासावर होतं. दौंडहून तिकडं जायचं तर आमच्या दुकानासमोरच गाडी बदलावी लागते. मी मनातल्या मनात तेवढंच मोजलं. रत्नागिरी किती लांब, तेही मोजलं.

"तू काय टाकणार पहिलं?" मी विचारलं.

"रत्नागिरी." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग बघून म्हणाला, "तू येशील ना कधीतरी? समुद्र दाखवेन."

"बघू…"

पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस आला आणि सम्राट दौंडला अडकला. आप्पांना ताप होता. त्यानं फोन केला. "गौतमी, तूच भरून टाक. लॉगिन तुझ्याकडे आहेच. रत्नागिरी एक नंबर, शेती दोन. ओटीपी आला की सांगतो. प्रिंट नंतर घेऊन जाईन."

"बघून घेतोस का एकदा? स्क्रीनचा फोटो पाठवते."

"तू भरतीयस ना? मग काय बघायचं."

तासाभरानं पुन्हा फोन वाजला. या वेळी त्याचे वडील होते. आवाज तापानं खोल गेलेला.

"पोरी, मी सम्राटचा बाप बोलतोय. ते फारमचं… जमलं तर शेतीचं वर टाक. आन् त्याचं लईच मन असंल तिकडचं, तर त्याचं बी बघ. तुला त्यातलं कळतं."

"हो काका."

मी फोन ठेवला. पंखा गरगरत होता. समोर दोन ओळी होत्या आणि त्यांच्या शेजारी वर-खाली करायचे बाण.

मला कुणी भाग पाडलं नव्हतं. काकांनी तर निवड पोरावरच सोडली होती. पण माझ्या मनात एकच चित्र होतं… समोर एसटी थांबलीय, सम्राट उतरतोय, रोज, चार वर्षं. मी बाण दाबला. शेती वर गेली, रत्नागिरी खाली आली. सम्राटनं फोनवर ओटीपीचे सहा आकडे सांगितले, एकेक करून, विश्वासानं. मी ते टाकले.

"झालं?"

"झालं."

"थँक्यू गं. तू नसतीस तर—"

मी फोन कापला. रेंज गेली असं नंतर सांगितलं.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. आरशात बघवेना. चोरी केली असती तर निदान काहीतरी हातात आलं असतं. इथं मी एका माणसाची चार वर्षं उचलून माझ्या दारात आणून ठेवली होती, आणि तो मला थँक्यू म्हणत होता. तरीही एक लबाड आशा होतीच… कदाचित लागणार नाही. कदाचित दुसऱ्या फेरीत आपोआप नीट होईल. पण मला माहीत होतं. नियम मीच रोज सगळ्यांना समजावून सांगायची. पहिल्या पसंतीचं लागलं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्या बंद.

आणि पहिल्या पसंतीचंच लागलं.

सम्राट दुकानात आला तेव्हा त्याच्या गालावर खळी नव्हती. "हे कसं काय, गौतमी? रत्नागिरी एक नंबरला होतं ना?"

रांगेतली माणसं बघत होती. मामा आतून डोकावला. माझ्या तोंडातून निघालं, "तुझ्या आप्पांचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं, शेती वर टाक."

अर्धंच वाक्य. बाकीचं अर्धं मी गिळलं.

त्यानं एकदा स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझा काय दोष. मोठ्या माणसाला तू कसं नाही म्हणणार." आणि माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवून गेला. पहिल्यांदाच त्यानं मला हात लावला होता. मला तिथंच भुईत गडप व्हावंसं वाटलं.

आठ दिवसांनी आनंदकाकांचा फोन आला.

"पोरी, सम्राट माझ्याशी बोलंना झालाय. ताट वाढतो, पानी देतो, पन बोलत न्हाई. म्हणतो, आप्पा, तुम्ही मला न विचारता परस्पर केलं. आगं, मी तर म्हनलो होतो ना, त्याचं बी बघ म्हणून? का तापात माझंच काय चुकलं? तू त्याला समजाव. तुझं ऐकतो तो."

आजारातून उठलेला तो माणूस स्वतःच्याच आठवणीवर शंका घेत होता, माझ्यामुळे.

रविवारी मी मामाला मैत्रिणीकडे जाते सांगून दौंडच्या गाडीत बसले. न्हावरे गेलं, पारगावचा पूल गेला. खिडकीबाहेर ऊस आणि भुरभुर पाऊस. काय बोलायचं ते मी ओठांतल्या ओठांत घोकत होते, आणि प्रत्येक वेळी वाक्यात एखादी पळवाट सापडत होती. घाईत झालं… साइट हँग होती… वरवंडला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि उलट्या गाडीनं परत जावं. उठलेही होते. तेवढ्यात एका आजीनं माझी सीट घेतली, गाडीही हलली, म्हणून दौंडपर्यंत उभीच राहिले.

घर दोन खोल्यांचं. सम्राटनं दार उघडलं. "तू? इथं?" त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंदच आला, तोच मला सहन झाला नाही.

"जय भीम काका," मी आत बसलेल्या आनंदकाकांना म्हणाले. "मला दोघांना सांगायचंय."

"बस आधी, पोरी. पानी घे."

"नाही काका. उभीच बरी." मी भिंतीकडे बघत बोलले. "काका मला म्हणाले होते, सम्राटचं मन असेल तर त्याचं बघ. मी बघितलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून नाही, मी माझ्यासाठी शेती वर टाकली. तो इथं जवळ राहावा म्हणून. आणि तू विचारलंस तेव्हा मी सगळं काकांवर ढकललं."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"माझ्यासाठी म्हणजे?" सम्राटनं हळूच विचारलं.

"म्हणजे… तू रोज दिसावास म्हणून."

असं सांगेन असं कधीच वाटलं नव्हतं. किती वेळा मनात सजवून ठेवलं होतं ते वाक्य… आणि निघालं ते गुन्हा कबूल करताना, त्याच्या वडिलांसमोर, मान खाली घालून.

सम्राट खोलीबाहेर निघून गेला.

काकांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "मला बी तो जवळच पाहिजे होता. शेती-बिती नुस्ती बोलायची गोष्ट. पाळीवरनं आलो, तर घरात कुनीतरी असावं, एवढंच. पन हे त्याला सांगायची लाज वाटली गं. म्हणून साहेब हो, साहेब हो करत बसलो." ते उठले आणि दारात जाऊन मोठ्यानं म्हणाले, "सम्राट, ऐकलंस काय? पोरीनं सांगितलं, आता मी बी सांगितलं. तुला जायचं तिकडं जा."

सम्राट मला स्टँडपर्यंत सोडायला आला. दोन पावलं पुढं चालत होता, वळून बघत नव्हता. गाडी लागल्यावर म्हणाला, "तू मला म्हणाली असतीस, जाऊ नको, तर मी त्यावर विचार केला असता."

"आणि थांबला असतास?"

"न्हाई. गेलोच असतो. पण तुझ्याशी भांडून, तुला समजावून गेलो असतो. तू मला भांडू पण दिलं नाहीस."

मी रडले नाही. रडायचा हक्क वाटला नाही.

लागलेली जागा त्यानं सोडून दिली. म्हणजे आता फक्त स्पॉट राउंड, उरलेल्या जागांची फेरी. मिळाली तर मिळाली, नाहीतर वर्ष वाया. मी फोन केला, त्यानं उचलला नाही. मी मेसेजमध्ये फक्त तारखा, लागणारे कागद, कुठल्या कॉलेजात किती जागा उरल्यात एवढंच लिहीत गेले. निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर नाही. दुकानात मी नवा नियम केला. पसंतीक्रम ज्याचा त्यानं समोर बसून मोठ्यानं वाचायचा, मगच मी कन्फर्म करणार. मामा वैतागला. मी ऐकलं नाही.

ऑगस्ट संपता संपता दुपारी कुणीतरी काउंटरवर बॅग ठेवली. मी मान वर केली.

"मिळाली," सम्राट म्हणाला. "रत्नागिरी. शेवटून दुसरी जागा. आत्याला भेटायला आलो होतो, आता पुण्याची गाडी पकडून पुढं जातोय."

"…छान झालं." मी प्रिंटरचा कागद सारखा केला. "राग गेला?"

"न्हाई. बराच शिल्लक आहे."

"बरोबर आहे."

"पण एक अडचण झालीय." तो कानामागे खाजवत म्हणाला. "राग आला की तो तुलाच सांगावासा वाटतो. दुसऱ्या कुणाला सांगून मजा येत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. खळी… अगदी थोडी, पण होती.

"काका?"

"आप्पांनीच तिकीट काढून दिलं. रोज फोन करायचा म्हणालेत. आणि म्हणाले, त्या पोरीला भेटून जा, लई धीराची हाय." त्यानं बॅगेचा पट्टा ओढला. "मला धीराची वगैरे काही वाटली नाहीस तू. भित्रीच वाटलीस. पण आलीस… वाटेतच उतरावं वाटलं असेल ना?"

"तुला कसं कळलं?"

"मी असतो तर उतरलो असतो."

पुण्याची गाडी लागली. मी त्याला स्टँडपर्यंतच सोडणार होते. पण कंडक्टरनं घंटी मारली आणि मी चढलेच. तो बघतच राहिला.

"कुठं?"

"सणसवाडीपर्यंत. तिथून परत फिरेन."

रांजणगाव, शिक्रापूर मागे पडलं. एका वळणावर त्याचा हात माझ्या हातावर आला आणि तिथंच राहिला. मी म्हणाले, "मला तू आवडतोस. आणि मला माझी लाज वाटते. अजून."

"वाटू दे," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. दिवाळीत येईन तेव्हा बघू, किती राहिलीय ते."

सणसवाडीला कारखान्यांची पहिली पाळी सुटलेली होती. डबे घेतलेल्या माणसांच्या लोंढ्यात मी उतरले. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो क्षणभर धरला आणि गाडी निघाली. धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथंच होते.

फोन वाजला. मामा.

"अगं कुठंयस तू? दुकानात माणसं खोळंबलीत! झेरॉक्सचे कागद आणायला गेलीस काय?"

किती सोपं होतं, हो म्हणणं.

"नाही मामा. सणसवाडीला आहे. सम्राटला सोडायला आले होते."

"कोण सम्राट?"

"आल्यावर सांगते," मी म्हणाले. "सगळं सांगते." आणि रस्ता ओलांडून शिरूरकडे जाणाऱ्या गाडीला हात केला.