कातडी पट्ट्यावरचे पाच चरे

१९३४ सालच्या त्या मंगळवारी कोंडाजी आबा पडवीत वस्तऱ्याला धार लावत बसले होते. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. पण दाढीसाठी न्हाव्यापुढे कधी बसला नाही. धारेच्या दगडावर तेलाचे दोन थेंब, वर पातं. मग भिंतीच्या खिळ्याला अडकवलेला कातडी पट्टा डाव्या हातानं ताणायचा आणि पातं त्यावर घासायचं.

"दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पात्याची पाठ पुढं," ते लेकीला म्हणाले. "उलटं केलं की कातडं चिरलंच. ह्या पट्ट्यावर वीस वर्षांत चरा न्हाई."

शालूनं पुस्तकातून मान वर केली नाही.

"उद्या सोमाटण्याहून जावई येतोय. नांदायला का जात न्हाईस, ते तरी सांग."

"करमत नाही तिथं."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं. न्हाई धाडत. त्याला मीच सांगतो."

बुधवारी दुपारी शालू वाचनालयातून परतली, तेव्हा आबा पडवीतल्या बाजेवर पडले होते. गळा चिरलेला. वस्तरा उजव्या मुठीत.

तासाभरात अंगण भरलं. शेजारची झुंबरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही नांदली असती, तर म्हातारा जगला असता." कोणी तिला अडवलं नाही.

फौजदार जावयाला विचारत होते.

"तू आलास तेव्हा सासरे काय करत होते?"

"पट्ट्यावर वस्तरा घासत व्हते," दत्तोबा म्हणाला. "म्हनले, पोरीपायी जीव नकोसा झालाय. म्या ठेसनावर चहाला गेलो. आलो तर ह्ये."

"घरात आणखी कोणी?"

"कुनी न्हाई."

फौजदारांनी आत्महत्या असं लिहिलं. दत्तोबा शालूकडे वळला. "गाठोडं बांध. सहाची गाडी हाय. आता हितं तुला कोन ठेवतंय?"

शालू पट्ट्याकडे बघत होती. त्यावर पाच तिरपे चरे होते, ताजे, आतलं कोरं कातडं दाखवणारे.

"साहेब, सही करू नका अजून."

"बाई, पुस्तकं वाचून पंचनामे होत नाहीत."

"आबा धार कशी लावत होते, ते ह्यांनी पाहिलंय ना? ह्यांना एवढंच करून दाखवू द्या."

"त्यात काय दावायचं?" दत्तोबा हसला.

फौजदार कंटाळले होते. "दाखव आणि संपव." त्यांनी हवालदाराला जवळ उभं केलं. शालूनं कोनाड्यातला आबांचा जुना वस्तरा काढून दिला.

दत्तोबानं पट्टा ताणला आणि कोयता घासावा तसं पातं पुढं रेटलं. खर्र आवाज झाला. पाच चऱ्यांशेजारी सहावा उमटला, तसाच तिरपा.

हवालदारानं वस्तरा काढून घेतला.

"पट्ट्यावर पाठ पुढं ठेवतात, साहेब," शालू म्हणाली. "धार पुढं केली की कातडं चिरतं. आबांनी वीस वर्षांत ही चूक केली नाही. आज सकाळी त्यांची दाढी झाल्यावर पट्ट्याला तेल मीच लावलं, तेव्हा तो साफ होता. मी वाचनालयात गेल्यावर घरात दोघंच होते, असं हेच सांगतात. मग चरे कोणाचे? जेवून आबा झोपले. सकाळी वापरलेल्या वस्तऱ्याची धार कमी पडू नये, म्हणून ह्यांनी तो पट्ट्यावर घासला. झोपेतच गळा चिरला आणि वस्तरा त्यांच्या मुठीत दिला. कोयत्यापलीकडे ह्यांनी कशाला धार लावलेली नाही."

"म्या कशापायी मारीन?"

"आबा असेपर्यंत मला नेता आलं नसतं."

"घरात पाय ठेवताच म्हनला, पोरगी न्हाई मिळायची," दत्तोबा तिच्या अंगावर धावला. "माझी बायकू, आन् मलाच न्हाई म्हनतो थेरडा."

हवालदारानं त्याला भिंतीशी दाबलं.

फौजदारांनी लिहिलेला कागद फाडला, नवा घेतला. आता त्यांचा आवाज उतरला होता. "बाई, तुम्ही नांदत का नव्हता? हे लिहावं लागेल."

शालू त्यांच्याकडे वळलीच नाही. ती बाजेपाशी गेली आणि चादर पांघरलेल्या आबांजवळ बसली.

"आबा, तो मला मारायचा," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला घरात घेऊन असे निवांत झोपला नसता."