लेंड्यांचा डबा

प्रयोगशाळेच्या जिन्यात आमची टक्कर झाली, आणि त्याच्या हातून सुटलेला डबा मी वरच्या वर झेलला.

"वा! काय झेल घेतलात!" तो हसला. "पण उघडू नका हं. जेवणाचा नाहीये तो."

"मग?"

"लेंड्या आहेत. चाळीस मेंढ्यांच्या."

तो जनावरांचा डॉक्टर, आणि लेंड्या माझ्यासाठीच आलेल्या! बाजारातल्या औषधांना मेंढ्यांच्या पोटातले जंत आता जुमानत नव्हते. म्हणून आम्ही एका रानझुडपाच्या पाल्याचा अर्क काढला होता. काचेच्या बशीत त्या अर्कानं जंत सहा तासांत निपचित पडले. आता वीस मेंढ्यांना अर्क, वीस मेंढ्यांना नुसतं पाणी. दर बुधवारी लेंड्यांतली जंतांची अंडी मी मोजायची. कुठली पुडी कुठल्या गटातली, ते मला सांगायचं नाही, असा नियम. मेंढ्या त्याच्या ताईच्या. तिचा सगळा संसार त्यांच्यावर.

"लोक फुलं आणतात," मी म्हणायचे.

"फुलं काय, कुणीही आणतं. याला जिगर लागते."

मी हसायचे... आणि डबा देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळायची.

चौथ्या बुधवारी तो हसला नाही. "पाच मेल्या," एवढंच म्हणाला. मी मान खाली घातली. सूक्ष्मदर्शकाखालची प्रत्येक काच मी दोनदा, तीनदा मोजत होते. अंडी काही कमी होत नव्हती.

सहा आठवडे झाले आणि प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी गटांची यादी उघडली. अर्क काय, पाणी काय — अंडी सारखीच. तोवर चौदा मेंढ्या गेल्या होत्या.

तो व्हरांड्यात उभा होता.

"मला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं," तो म्हणाला. "जंत रक्त पितात. मेंढीची पापणी उलटली की आतून लाल दिसायला हवी. सगळ्या पांढऱ्याफटक होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"मॅडम म्हणाल्या, सहा आठवडे पुरे होऊ द्या. अन् मी... भांडलो नाही. दुसरं काही करून बघितलं असतं, तर दोन-चार तरी वाचल्या असत्या. पण मग बुधवार संपले असते."

ताईच्या मेंढ्या... आणि ह्या माणसाचं हे असलं प्रेम!

"मीही गप्पच बसले," मी म्हणाले. "मोजणाऱ्याला काय कळत नाही होय? सगळ्याच काचा अंड्यांनी भरलेल्या. मलाही तू यायला हवा होतास."

पहिल्यांदाच तोंडातून 'तू' निघालं. तो एक पाऊल पुढे आला... आणि तिथंच थांबला.

"ताई तोंड बघत नाही माझं," तो म्हणाला. "आणि आता तुझ्याकडे बघितलं की मला त्या पापण्या दिसतात गं."

तो गेला. मी हाक मारली नाही. आत येऊन टेबल पुसायला घेतलं आणि रडू फुटलं. हातात लेंड्यांनी घाण झालेले हातमोजे होते, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.