नाक दाबून आलेला डॉक्टर

तो बेकरीत पहिल्यांदा शिरला तो नाक दाबून. बेकरीवालीचं डोकंच फिरलं.

“आमच्याकडे इतका वास येतो का हो?”

“फार छान येतो… म्हणूनच तर!” तो गेंगाण्या आवाजात म्हणाला. “आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई आजारी आहे. ब्रेड न्यायला मीच आलो.”

मग तिच्या लक्षात आलं. प्रयोगासाठी ती निळ्या आणि लाल पिशव्यांत ब्रेड भरून द्यायची; एका रंगात भरपूर कोंडा, दुसऱ्यात नुसता मैदा. तो ब्रेड खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या संरक्षक पेशी तपासणारा डॉक्टर हाच. कुठल्या रंगात काय, हे त्याला वासानंसुद्धा कळता कामा नये, नाहीतर निकालात मन लुडबुडतं.

पुढे दर आठवड्याला तोच येऊ लागला. नाक दाबून… आणि नजर तिच्यावर. ब्रेडकडे बघायची बंदी होती ना!

एकदा गप्पांच्या नादात तिनं गरम स्लाइस त्याच्यापुढे धरली. “चव तर बघा!” तो असा दचकून मागे सरला, की थेट मैद्याच्या पोत्यावर आदळला. भुवयासुद्धा पांढऱ्या! ती पोट धरून हसली.

हसता हसता तिची नजर पिशव्यांवर गेली. तिची आई आतड्याच्या कॅन्सरनं गेली होती.

“खरं सांगा… असा ब्रेड खाल्ला असता, तर आई वाचली असती?”

“माहीत नाही,” तो हळूच म्हणाला. “कोंड्यावर आतड्यातले जिवाणू पोसतात आणि त्यांच्यामुळे संरक्षक पेशींना बळ मिळतं, असं दिसतंय. कॅन्सर रोखायला ते कितपत पुरतं — तेच शोधतोय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं नाही बोलणार.”

त्या ‘माहीत नाही’वर ती भाळली. आजवर सल्ले सगळ्यांनी दिले होते. इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

प्रयोग संपत आला, तशी ती उरलेल्या पिशव्या मोजू लागली. ब्रेड नको झाला, की हा तरी कशाला येईल?

शेवटच्या पिशव्या गेल्या. तोही दिसेनासा झाला. ती दाराकडे बघून बघून थकली.

मग एका सकाळी तो आला. नाक मोकळं! उंबऱ्यातच त्यानं डोळे मिटून खोल श्वास घेतला.

“कुठल्या रंगात काय, ते उघड झालं. कोंडा खाणाऱ्यांच्या पेशी जास्त तरतरीत निघाल्या. अजून पुष्कळ तपासायचंय, पण…”

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला तिनं कोंड्याची गरम स्लाइस पुढे केली. या वेळी त्यानं ती शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

“आता तुम्हाला ब्रेड लागणार नाही,” ती पुटपुटली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, “तुमचा तो शिपाई… बरा झाला का?”

“तो?” डॉक्टर कानांपर्यंत लाल झाला. “तो तर दुसऱ्याच दिवशी कामावर आला होता.”