पुरुषांचे बाक

सरपणाची मोळी काखेत आणि केरसुणी हातात, एवढंच घेऊन मी त्या सकाळी सभाघराकडे निघाले. पहिल्या वारी, म्हणजे तुमच्या रविवारी, दार मीच उघडते. केर काढायचा, विस्तव पेटवायचा आणि बसायचं. आमच्यात पाद्री नाही, घंटा नाही, गाणं नाही. ज्याला आतून सांगावंसं वाटेल त्याने उठून सांगावं, नाहीतर गप्प राहावं. एवढ्यासाठी लोक आम्हांला क्वेकर म्हणून हिणवतात, म्हणजे थरथरणारे. हिणवू देत.

तेव्हाचा कायदा असा, की राजाच्या चर्चबाहेर पाच जण प्रार्थनेला एकत्र सापडले की गुन्हा. त्या कायद्याने आमचे अकरा पुरुष किल्ल्यातल्या तुरुंगात नेले आणि त्याच हिवाळ्यात ते तापाने तिथे मेले. माझा नवरा ॲन्थनी त्यांतलाच. उरलो आम्ही चार बायका. चार म्हणजे गुन्हा नाही. पाचवं माणूस सापडलं, की सभाघर पाडायचा हुकूम फौजदाराच्या खिशात तयार होता. त्या घराचे दगड मी ओढ्यातून वाहून आणलेत. माझ्या पाठीला विचारा.

डॉर्कस, मेबल आणि एलिन आल्या. आम्ही बायकांच्या बाकावर बसलो. समोर पुरुषांचे बाक रिकामे. बाहेर धुकं असं दाट, की खिडक्यांना कुणी ओली लोकर चिकटवलीय म्हणावं. हळूहळू शांतता उतरली… आणि त्या शांततेत वास आला. कुजलेल्या गवताचा. ॲन्थनीला तुरुंगात भाकर द्यायला गेले होते, तेव्हा त्याच्या अंगाला येत होता तोच. मग समोरचा बाक करकरला. जड माणूस टेकावा तसा. पुन्हा करकरला. डॉर्कसने माझं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

दार लाथेने उघडलं. फौजदार ग्रेव्हसन.

"मोजू का गं म्हाताऱ्यांनो? एक, दोन, तीन, चार…" आणि तो पुरुषांच्या बाकांकडे वळला. "पाच. सहा. सात…" आवाज बारीक होत गेला. "…सोळा."

मग जोर आणून तो त्या रिकाम्या बाकांवर ओरडला, "हॅट उतरवा! राजाचा माणूस उभा आहे!"

"नाही उतरवायचे ते," मी म्हटलं. "जिवंतपणी नाही उतरवली, आता तुझ्यासाठी उतरवतील?"

"मला अरेतुरे करतेस, थेरडे?"

"देवालाही मी 'तू'च म्हणते. तू कोण लागून गेलास?"

मेबल तसल्या वेळीही फिसकन हसली. ग्रेव्हसन हसला नाही, चिडलाही नाही.

"एकाने उतरवली…" तो पुटपुटला. "तो… भिंतीकडचा…"

आमचा माणूस फटके खाईल, दात पाडून घेईल, पण माणसापुढे हॅट उतरवणार नाही.

"बाई," ग्रेव्हसन म्हणाला. थेरडीची बाई झाले होते मी. "चारच आहेत, एवढं म्हण. तुम्ही लोक खोटं बोलत नाही. तू म्हण… मी हुकूम फाडून टाकतो."

"म्हण ना गं जेनेट," डॉर्कस कुजबुजली. "घर वाचेल… चारच तर आहोत."

एक शब्द. पण आम्ही कोर्टात शपथ घेत नाही, ते आमचं रोजचं बोलणंच खरं असतं म्हणून. आणि ती करकर माझ्या कानांनी ऐकली होती.

"दिसतात चार," मी म्हटलं. "आहेत किती, ते मी सांगणार नाही. तू मोजलंस, तू लिही. साखळ्या तूच घातल्या होत्यास, नावं पाठ असतील."

त्याने लिहिलं. थरथरत कोण होतं, ते सांगायला नको.

मॅजिस्ट्रेटने कागद वाचला. आमच्या चौघींच्या खाली अकरा नावं, सगळी पुरलेल्या माणसांची. बाराव्यापुढे नुसती रेघ. "सकाळीच ढोसली होतीस काय रे?" म्हणत त्याने कागद ग्रेव्हसनच्या तोंडावर फेकला. त्यानंतर हुकमाचं नाव कुणी काढलं नाही. घर उभं राहिलं.

आमच्या मेलेल्यांचं मला भय नाही. पण बारावा कोण? मी ग्रेव्हसनला बाजारात गाठून विचारलं. "मान खाली होती त्याची," एवढंच बोलला, आणि तेव्हापासून मला पाहिलं की रस्ता बदलतो.

म्हणून मी हल्ली बायकांच्या बाकावर बसत नाही. समोर, पुरुषांच्या बाकावर, तो बारावा होता त्या टोकाला, भिंतीला खांदा टेकून बसते. डॉर्कस म्हणते, "मरशील गं एखाद दिवशी." मरेन की. पण जे घर राजाला दिलं नाही, ते दुसऱ्या कुणाला देणार नाही.

मी हलत नाही. बसते तशी बसून राहते. तरी सभा सुटते तेव्हा भिंत माझ्या खांद्याला लागलेली नसते. मी दाराकडे सरकलेली असते. पहिल्यांदा वीतभर होतं. परवा मोजलं, तीन विती भरल्या.

बाक नऊ विती लांब आहे. बघू.