पडद्यावरची पांढरी जागा

"माझ्या ऑफिसात फितूर आहे," प्रतापराव शितोळे खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले. "मला पुरावा हवाय."

साल १९९८. चामराजपेटेत मैत्रेयी हुक्केरी खासगी तपासाची कामं घ्यायची. मदतीला मल्लाप्पा, निवृत्त हवालदार.

प्रतापरावांची इंदिरानगरात वेबसाइट बनवणारी कंपनी होती. आदल्या दिवशी एका प्रदर्शनात, मोठ्या मॉनिटरवर, परदेशी पाहुण्यांसमोर त्यांनी कंपनीचं पान उघडलं. वरची निळी पट्टी पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला हवी होती. ती मध्येच संपली. उजवीकडे पांढरी जागा उघडी पडली.

"लोक हसले हो! माझं नाव एवढं ठळक, आणि शेजारी ते भगदाड. पान कावेरीनं बनवलेलं. तिथल्या तिथे तिला हाकललं. सगळ्यांसमोर सांगितलं, ही दुसऱ्या कंपनीला विकली गेलीय."

"मग आमच्याकडे कशाला आलात?"

"कबूल करत नाही. पोलिसांत द्यायचंय तिला."

कावेरी मारतहळ्ळीला भावाकडे राहायची. मैत्रेयीशी बोलताना तिनं मान वर केली नाही.

"कालपासून शेजारी आले की मी आतल्या खोलीत जाते, अक्का. माझ्या हातात पान होतं तोवर ठीक होतं. पट्टी शंभर टक्के रुंद, तिच्यात फक्त कंपनीचं नाव. माझ्या आणि प्राणेशच्या मॉनिटरवर बघितलं. दोन्ही मोठेच आहेत."

ऑफिसात प्राणेशनं पानाचा कोड उघडून दाखवला. "इथे टक्क्यांऐवजी आता आठशे आहे, म्हणजे पडद्यावरचे आठशे ठिपके. शंभर टक्के लिहिलं की पडदा केवढाही असो, पट्टी तेवढी पसरते. आकडा दिला की तेवढीच राहते."

"कावेरीनं टक्केच लिहिले होते?"

"हो. मी पाहिले होते."

"मग काल बोलला का नाहीस?"

प्राणेशनं उघडलेला कोड बंद केला.

"हाच तो," बाहेर आल्यावर मल्लाप्पा कुजबुजला. "गप्प बसला म्हणजे यानंच केलं."

"स्वल्प थांबा, अण्णा," मैत्रेयी म्हणाली.

ती प्रतापरावांच्या केबिनमध्ये गेली. टेबलावर जुना, छोटा मॉनिटर होता. "नवे सगळे पोरांना दिले," ते म्हणाले. तिनं त्यांना तेच पान उघडायला लावलं. निळी पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली.

"हितं तर झकास दिसतंय की!" मल्लाप्पा चक्रावला.

मैत्रेयीनं कावेरीला बोलावून घेतलं. बाहेरच्या हॉलमध्ये सगळे जमले.

"पट्टीत दोन बदल झाले," मैत्रेयी म्हणाली. "एक, रुंदी. दुसरा, नाव. कावेरीच्या पट्टीत फक्त कंपनीचं नाव होतं. प्रदर्शनात मात्र प्रतापरावांचं नाव ठळक दिसलं, असं ते स्वतःच म्हणाले. घात करायला आलेला माणूस मालकाचं नाव मोठं करून जात नाही. आणि आठशेची पट्टी कडेपर्यंत पोचते ती इथल्या एकाच, छोट्या मॉनिटरवर. ज्यानं बदल केला, त्याला पांढरी जागा दिसलीच नाही. तो केबिनमध्ये बसला होता."

प्रतापरावांचा चेहरा उतरला. "प्रदर्शनाआधी मी माझं नाव घातलं, तर पट्टी आखडली. मी माउसनं ओढली, कडेला टेकेपर्यंत. वाटलं, झालं."

"ओढली की पान बनवायचं सॉफ्टवेअर टक्के काढून आकडा घालतं," प्राणेश हळूच म्हणाला.

"कावेरी, जरा केबिनमध्ये ये. बोलू आपण," प्रतापराव म्हणाले.

"इथंच बोला, सर."

प्रतापराव उभे राहिले. "चूक माझी होती. तू फितूर नव्हतीस. मी तुला नको ते बोललो. उद्यापासून ये."

मल्लाप्पानंही मान खाली घातली.

कावेरीनं ऐकून घेतलं. "सरी, ठीक आहे," एवढंच म्हणाली. मग प्राणेशकडे वळली.

"मला नोकरीची भीती वाटली," तो पुटपुटला.

"सरांना ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं."

प्राणेशला तिच्याकडे बघवेना. तिनं पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली.