बुधवार, पाच ते सहा

"बाबाले पाचचीच वेळ दिली होती ना तुम्ही? मग ह्या काकू काहून टेबलावर?"

जरीपटका वस्तीतल्या त्या लहानशा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात भावनाचा आवाज चढला. डॉक्टर प्रशिकने कपाळाला हात लावला.

"शोभाताईलेही पाचचीच देऊन बसलो… चुकलं माझं."

तो असा ओशाळून हसला, की तिचा राग अर्ध्यावरच विरला.

भावना प्रोग्रामर होती. बाबांचा, म्हणजे आनंदरावांचा, खांदा शेकून होईपर्यंत तिने ठरवूनही टाकलं.

"तुमच्या ऑनलाइन कॅलेंडरले प्रोग्राम जोडून देते. भरलेल्या वेळा सोडून मोकळ्या तेवढ्याच पेशंटले दिसतील."

"मग तुम्ही भांडायले येणार नाही?"

"येईन ना… कारण शोधून!"

आणि ती येत राहिली. कधी प्रोग्राममध्ये सुट्ट्या धरायच्या राहिल्या, कधी दोन पेशंटमधली दहा मिनिटं. बाबांचा खांदा बरा झाला, तरी कामं संपेनात. मग तिची हैदराबादची नोकरी पक्की झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिने सांगितलं, तेव्हा प्रशिक "अरे वा!" एवढंच म्हणाला, आणि घडी घातलेला टॉवेल पुन्हा घडी घालत राहिला.

प्रोग्रामच्या शेवटच्या तपासणीत एक गोष्ट अडली. बुधवारी पाच ते सहा पेशंट कोणीच नव्हता, तरी प्रोग्राम ती वेळ मोकळी दाखवेना. वेळ भरलेली आहे एवढंच त्याला कळायचं, कशाने भरली ते नाही. कोडमध्ये चूक सापडेना, तेव्हा ती बुधवारी पाचला दवाखान्यातच गेली.

"ही वेळ कोणाले दिली, डॉक्टर?"

"ते… बरोबर आहे. राहू द्या." त्याचे कान लाल झाले.

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पाच ते सहा — 'भावनाले विचारणं.' मागच्या बुधवारीही तेच. त्याच्या आधीच्या दोन्ही बुधवारीही.

"चार बुधवार?"

"हिंमतच नाही झाली… अन् आता तर तू चालली." तो 'तू'वर कधी आला, त्यालाही कळलं नाही.

"हैदराबाद काही परदेश नाही. शनिवारी-शनिवारी येईन मी. पण आधी विचार तर!"

"भावना, माझ्यासोबत जन्मभर…"

"हो," ती म्हणाली. मग डोळे पुसत हसली. "आता पुरं बोल. मले ऐकायचं आहे."